शेततळ्यात मासे सोडावेत का? सुरू करण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः शेततळं असलेल्या किंवा काढू पाहणाऱ्या शेतकऱ्यांचे आहेत. खाऱ्या पाण्याचे, म्हणजे कोळंबी, जिताडा (खाडीतला मासा), चिंबोरी (खाडीतला खेकडा) आणि शिनाण्यांचे (एक प्रकारच्या शिंपल्यांचे) प्रश्न शेवटाकडे (प्र. १५ ते १७) घेतले आहेत. हिशोबासाठी सगळीकडे ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल असं एकच तळं धरलं आहे. तुमचं तळं लहान-मोठं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

१. शेततळं आहे, पावसाळ्यात काठोकाठ भरतं. एवढ्यावर मत्स्यशेती सुरू करता येईल का?

पावसाळ्यातलं पाणी बघून ठरवू नका, मे महिन्यातलं बघा. ३० × ३० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या तळ्यात भरल्यावर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. माशांसाठी किमान दीड मीटर, म्हणजे पाच फूट पाणी कायम हवं. तेवढ्या खोलीला या तळ्यात पावणेदहा लाख लिटर राहतं. हे पाणी पिकाचं नाही, माशांचं. डाळिंब सुकायला लागलं तरी त्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना आधीच मान्य असायला हवं.

शिवाय बाष्पीभवन आहे. एप्रिल-मेच्या उन्हात रोज ८ मिलिमीटर धरलं तरी ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला ७,२०० लिटर उडतात. दोन महिन्यांत सव्वाचार लाख लिटर गेले, म्हणजे भरलेल्या तळ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पिकाला काय उरतं ते यातून काढा. गेल्या दोन वर्षांत १५ मे रोजी तळ्यात किती फूट पाणी होतं हे आठवत नसेल, तर यंदा खुणेची काठी रोवा आणि मासे पुढच्या वर्षी सोडा. फेब्रुवारी-मार्चपर्यंतच पाणी टिकत असेल तर प्र. ६ पहा.

२. ३० बाय ३० च्या तळ्यातून वर्षाला किती सुटतात?

नमुन्याचा हिशोब देतो. दर गृहीत धरलेले आहेत, तुमच्या तालुक्याचे घालून पुन्हा मांडा.

९०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. ७० टक्के जगली, म्हणजे ६३० मासे. दहा महिन्यांत सरासरी ७०० ग्रॅम झाले, तर ४४० किलो माल. एक किलो वाढीला १.६ किलो तरंगतं खाद्य धरलं तर ७०० किलो खाद्य लागेल.

खर्च: बोटुकली ५ रुपयांनी ४,५००; खाद्य ४५ रुपये किलोने ३१,५००; चुना, शेण, औषध ३,०००; वीज, जाळं ओढणाऱ्यांची मजुरी, वाहतूक ५,०००. एकूण ४४,०००. तळ्याचा, त्यातल्या प्लास्टिकच्या कागदाचा आणि स्वतःच्या वेळेचा खर्च यात धरलेला नाही.

आता उत्पन्न. व्यापाऱ्याला ११० रुपये किलोने सगळा माल एकदम दिला तर ४८,४०० येतात, हातात ४,४०० राहतात. तोच माल १५० ने गावात, हायवेला, ओळखीच्या खानावळींना दिला तर ६६,०००, म्हणजे २२,००० राहतात. मासे तेच, खाद्य तेच, फरक फक्त विक्रीचा. ‘एका तळ्यातून लाखो कमवा’ अशा व्हिडिओंत नेमका हा भाग गाळलेला असतो. नऊ गुंठ्यांचं एक तळं हे जोडउत्पन्न आहे. त्याला धंदा म्हणायचं असेल तर किमान एकर-दोन एकर पाणी आणि बारमाही गिऱ्हाईक हवं.

३. मग विकायचे कुठे?

मासे सोडण्याआधी सोडवायचा प्रश्न आहे हा. पुण्या-मुंबईच्या बाजारातला बराचसा रोहू-कटला आंध्र प्रदेशातून बर्फात येतो. तिथली तळी मोठी, खर्च कमी. घाऊक बाजारात त्यांच्या दराखाली तुम्ही जाऊ शकणार नाही. तुमच्याकडे एकच जास्तीची गोष्ट आहे: जिवंत मासा. दोनशे लिटरचा ड्रम, त्यात मत्स्यालयाचा हवा सोडणारा पंप, आणि तळ्याच्या बांधावर किंवा आठवडे बाजारात डोळ्यांदेखत काढून दिलेला मासा. याला किलोमागे जास्त पैसे मिळतात.

कुठल्या भागात आहात त्यावरही खूप अवलंबून आहे. विदर्भात, मराठवाड्याच्या काही भागात आणि उजनीच्या काठाने गोड्या पाण्यातला मासा आवडीने खातात. कोकणात रोहू फुकट दिला तरी ‘काटे फार, वास येतो’ असं ऐकाल. शहरालगत असाल तर बंगाली, ओडिया, बिहारी, तेलुगू कुटुंबं आणि बांधकाम कामगारांच्या वस्त्या हे पक्कं गिऱ्हाईक. मात्र त्यांना किलोच्या वरचा मासा लागतो.

वार पाळा. रविवार, बुधवार, शुक्रवार हे विक्रीचे दिवस. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि चतुर्थीला जाळं टाकू नका. मृगाच्या सुरुवातीला आणि आषाढ अमावस्येच्या आधी मागणी उसळते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा दर चढतात. पण श्रावण लागला की महिनाभर कुणी विचारत नाही. त्यामुळे शेवटची मोठी काढणी श्रावणाआधी उरकेल असंच वेळापत्रक बांधा.

४. कोणते मासे सोडायचे?

पहिल्या वर्षी कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिघं एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाहीत. मातीच्या तळ्यात प्रमाण ४० : ३० : ३०. प्लास्टिकच्या तळ्यात मृगळ कमी (प्र. ७). गवत्या (ग्रास कार्प) पाच-दहा टक्के चालतो, पण त्याला रोज हिरवा चारा लागतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) भराभर वाढतो, मात्र मातीचे बांध उकरतो.

रोहूमध्ये ‘जयंती’ हा निवडीने सुधारलेला वाण आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तो १९९७ मध्ये दिला. खात्रीच्या केंद्रातून मिळाला तर जरूर घ्या. मात्र साधा रोहू ‘जयंती’ म्हणून चढ्या दराने गळ्यात मारणारेही आहेत.

५. बीज विकणारा म्हणतो ५,००० सोडा. पुस्तकात कमी लिहिलंय. खरं काय?

तो बीज विकतो, मासे नाही. हवा खेळवायची सोय नसेल तर हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली हे प्रमाण आहे. आपल्या तळ्याला म्हणजे ४५० ते ९००. पाच हजार सोडले तर मरतील असं नाही, वाढणार नाहीत. दहा महिन्यांनी दीडशे-दोनशे ग्रॅमची चिंगळी हातात येते आणि व्यापारी निम्म्या भावात मागतो.

गोंधळ बऱ्याचदा नावांचा असतो. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू, मत्स्यबीज म्हणजे इंचभर, बोटुकली म्हणजे बोटाएवढी, दोन ते चार इंच. जिरे सोडायचं असेल तर आकडा लाखात असतो, पण त्यातलं बहुतेक मरतं आणि त्याला वेगळं संगोपन तळं लागतं. नवख्याने बोटुकलीच घ्यावी.

६. आमच्याकडे पाणी फेब्रुवारीपर्यंतच टिकतं. काहीच करता येणार नाही का?

येतं, पण लहान बोटुकली सोडून नाही. वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर ठेवलेली ५० ते १०० ग्रॅमची मोठी बोटुकली मिळते, तिला इयरलिंग म्हणतात. वाढ रोखून धरलेली असल्याने मोकळ्या पाण्यात सोडल्यावर ती झपाट्याने वजन धरते. जुलैअखेर सोडली तर फेब्रुवारीपर्यंत सहा-सात महिन्यांत विक्रीयोग्य होते. दर नगाला बराच जास्त असतो, त्यामुळे संख्या कमी ठेवा. आपल्या तळ्यात ४०० ते ५०० पुरे. इयरलिंग ऐनवेळी मिळत नाही, मार्चमध्येच केंद्राकडे सांगून ठेवावी लागते.

थंडीचं गणितही लक्षात घ्या. नाशिक, जालना, नगरकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कार्प माशांची भूक मंदावते. तुमच्या सात महिन्यांतले दोन असे जातात. बाजारात अर्धा किलोचा मासा चालत असेल तरच हा मार्ग धरा.

७. प्लास्टिकच्या कागदाच्या तळ्यात मासे वाढतात का?

वाढतात, फरक ओळखून केलं तर. मातीच्या तळ्यात तळाचा चिखल स्वतःच अन्न तयार करतो, कागदावर ते होत नाही. मृगळ आणि सायप्रिनस म्हणून इथे मागे पडतात. कटला ४०, रोहू ४०, मृगळ २० असं घ्या आणि पहिल्या दिवसापासून खाद्याची तयारी ठेवा. जमेची बाजू अशी की पाणी झिरपत नाही आणि आधीचे मरळ, शिवडा असे शिकारी मासे तळ्यात नसतात.

पाण्यात हिरवटपणा आणायला सुरुवातीला सुमारे २० किलो चुना आणि आठवड्याने दोनशे किलो कुजलेलं शेण द्या. शेण थेट ओतायचं नाही. गोणपाटात भरून कोपऱ्यात बुडवून ठेवायचं, अर्क उतरला की चोथा बाहेर. पुढे महिन्याला ८०-९० किलो. खाद्य भरपूर देत असाल तर शेण निम्म्यावर आणा. पाण्याची परीक्षा सोपी आहे. कोपरापर्यंत हात बुडवा. तळवा अगदी अंधुक दिसला तर बरोबर. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त आहे, शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा.

जाळं ओढताना कागद बहुधा बांबूच्या टोकाने फाटतो. टोकांना जुनी सायकल ट्यूब गुंडाळा.

८. बोटुकली घेताना फसवणूक होते. काय तपासायचं?

चार गोष्टी. बीज वाटीने किंवा गाळणीने मोजून देतात, तेव्हा मधली कुठलीही एक वाटी घमेल्यात ओतायला सांगून नग मोजा. पहिली वाटी नेहमीच भरगच्च असते. दुसरं, घमेल्यातलं पाणी हाताने गोल फिरवा. निरोगी बोटुकली धारेविरुद्ध पोहते, अशक्त असेल ती मध्यभागी गोळा होते. तिसरं, अंगावर लाल ठिपके, पांढरा कापूस, झडलेले पर दिसले तर अख्खी खेप नाकारा. चौथं, जातींची सरमिसळ. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं असतं, तेवढं तरी ओळखायला शिका.

वाहतूक ऑक्सिजनच्या पिशवीत, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, पहाटे किंवा रात्री. तळ्यावर आल्यावर पिशवी फोडून ओतू नका. बंद पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि बीज आपसूक बाहेर पोहत जाऊ द्या. पहिल्या दोन दिवसांतली बरीचशी मर इथल्या घाईची असते, आणि तीच नेमकी वरून दिसत नाही, कारण मेलेलं बीज तळाशी बसतं.

९. खाद्य रोज किती द्यायचं?

माशांच्या एकूण वजनाच्या टक्केवारीत. पहिला महिना ५ टक्के, मग ३, शेवटी २ पर्यंत खाली. ९०० बोटुकली सरासरी ३० ग्रॅमची असेल तर २७ किलो वजन झालं, रोज साधारण १,३५० ग्रॅम खाद्य. सहाव्या महिन्यात ७०० मासे ३०० ग्रॅमचे झाले, तर २१० किलोला अडीच टक्क्यांनी सव्वापाच किलो.

म्हणून महिन्यातून एकदा २५-३० मासे काढून वजन करावंच लागतं. अंदाजाने खाद्य टाकणाऱ्याचा निम्मा नफा तळाशी कुजतो. तरंगतं खाद्य २० मिनिटांत संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करा. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समसमान, भिजवून, छिद्रं पाडलेल्या गोणीत टांगून दिली तरी मासे वाढतात. खर्च कमी होतो, वाढही कमी मिळते. गिरणी आणि घाणा जवळ असेल तर हा सौदा परवडतो.

१०. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. काय झालंय?

प्राणवायू संपलाय. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ माशांबरोबर तो वापरतं. त्यामुळे पहाटे ४ ते ६ ही सगळ्यात वाईट वेळ. ढगाळ हवा दोन-तीन दिवस राहिली, किंवा पाणी गर्द हिरवं झालं की हे होतंच.

ताबडतोब मोटर लावून त्याच तळ्याचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. त्या दिवशी खाद्य बंद, शेण आठवडाभर बंद, आणि जमलं तर तळाचं एक-दीड फूट पाणी पिकाला काढून ताजं घ्या. ऊन पडल्यावर मासे खाली गेले म्हणून निर्धास्त होऊ नका, पुढची पहाट अजून यायची आहे.

मासे वर येतात पण भर दुपारी, आणि वेड्यासारखे गिरक्या घेतात, तर ते वेगळं प्रकरण आहे. प्र. ११ वाचा.

११. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी चालते. धोका आहे का?

मोठा. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला तुलनेने सौम्य, पण माशांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात. वाऱ्याने तुषार येतात. पण खरा घात पंप धुण्याने होतो. फवारणी करणारा गडी जवळचं पाणी म्हणून तुमच्या तळ्यातच टाकी विसळतो. त्याला बांधावर वेगळा ड्रम भरून ठेवा आणि शेजाऱ्याला फवारणीचे दिवस विचारून घ्या. तळ्यात येणारा पावसाळी ओहोळ औषध मारलेल्या शेतातून येत असेल तर पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर वळवा. विषबाधा झालीच तर औषध नाही, फक्त पाणी बदलणं आहे. असे मेलेले मासे खाऊ नका, विकू नका.

१२. बोअरचं पाणी चालेल का?

चालतं, थेट पाइप बुडवून नाही. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो, कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, कुठे लोहही असतं. पाणी उंचावरून दगडांवर किंवा पत्र्यावर आपटत सोडा. सामू (पीएच) ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आणि क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) लिटरला ८० मिलिग्रॅमच्या वर असावी. पाणी-परीक्षणाचा अहवाल हातात आल्याशिवाय बोटुकलीचा आगाऊ पैसा देऊ नका.

१३. रोग आला तर?

दोन रोग जास्त दिसतात. हिवाळ्यात अंगावर लाल चट्टे पडून जखमा होतात, यावर ‘सिफॅक्स’ हे औषध हेक्टर-मीटर पाण्याला १ लिटर या मात्रेने देतात. आपल्या भरलेल्या तळ्याला २२० मिलि. दुसऱ्यात चपट्या उवा (आर्ग्युलस) अंगाला चिकटतात, मासे कडेला अंग घासतात. तळ्यात बांबू उभे केले तर उवा त्यावर अंडी घालतात. दर आठवड्याला बांबू काढून कडक उन्हात वाळवायचे, औषधापेक्षा हा उपाय स्वस्त. दोन्ही रोगांचं मूळ बहुतेक वेळा जास्त संख्या हेच असतं (प्र. ५).

१४. जागा कमी आहे. बायोफ्लॉकच्या टाक्या टाकू का?

पहिला प्रयोग म्हणून नको. बायोफ्लॉकमध्ये माशांच्या विष्ठेतला नत्र, गूळ किंवा मळी घालून वाढवलेल्या जिवाणूंकडून गिळवला जातो. कर्ब-नत्राचं गुणोत्तर १० ते १५ : १ राखावं लागतं, अमोनिया रोज मोजावा लागतो आणि हवेचा पंप चोवीस तास चालू लागतो. दाट टाकीत वीज तासभर गेली तरी सगळा माल तरंगू शकतो. जनरेटर नाही, इन्व्हर्टर नाही, आणि गावात आठ तास वीज, अशा ठिकाणी हा जुगार आहे. भंगाराच्या भावाने विकायला काढलेल्या ताडपत्रीच्या टाक्या अनेक तालुक्यांत दिसतात, त्याचं कारण हेच.

आणि टाकी विकणारा सांगतो ते मासेही तपासून घ्या. आफ्रिकन मांगूरवर भारतात २००० पासून बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही तो नष्ट करण्याचे आदेश दिले. तो ‘देशी मांगूर’ म्हणूनच विकला जातो. आठ महिन्यांत किलोवर जाणारा मांगूर देशी नसतो, हे लक्षात ठेवा. चिलापी (गिफ्ट तिलापिया) आणि पंगस यांना मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. नाल्याला जोडलेल्या तळ्यात हे सोडूच नका.

१५. आमची खाडीकाठी जमीन आहे. कोळंबी करावी का?

पैसा मोठा आहे, बुडण्याचा वेगही. भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आत खाऱ्या पाण्यातली शेती करायची तर २००५ च्या कायद्याखालच्या तटीय मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे. व्हॅन्नामेई कोळंबी २००९ पासून परवानगीने चालते. चौरस मीटरला ६० पिल्लांची मर्यादा आहे आणि नवख्याने तिच्या निम्म्यावर थांबावं. पीक साधारण चार महिन्यांचं. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला तर आठवडाभरात तळं रिकामं होतं. म्हणून पीसीआर चाचणीने विषाणू नसल्याची खात्री केलेलं बीज, क्लोरीन मारून ठेवलेलं पाणी, वरून पक्ष्यांचं जाळं, कडेने खेकडे अडवणारी जाळी, यातलं एकही गाळता येत नाही. प्रतिजैविकं वापरली तर निर्यातदार माल नाकारतो. दर परदेशात ठरतात. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं, त्याची झळ थेट तळ्यावरच्या शेतकऱ्याला बसली.

कांदळवन (खारफुटीचं जंगल) असेल तर विषय तिथेच संपतो. ते तोडून तळं काढणं गुन्हा आहे, झाड तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत असलं तरी.

१६. जिताडा किंवा चिंबोऱ्या जमतील का?

रायगडच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे, आणि त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. अडचण एकच: तो भावंडांना खातो. पिल्लं आकाराने वेगळी झाली की दर आठ-दहा दिवसांनी निवडून वेगळी करावी लागतात, नाहीतर हजाराचे दोनशे उरतात.

चिंबोऱ्यांत नवख्यासाठी सोपं काम म्हणजे पुष्टीकरण. नुकती कात टाकलेली, आतून पाणीदार चिंबोरी स्वस्तात घ्यायची, रोज वजनाच्या ५ ते १० टक्के स्वस्त मासळी खायला घालायची आणि तीन-चार आठवड्यांत भरीव झाली की विकायची. नांगे बांधून आणा, लपायला पाइपचे तुकडे टाका. पैसा लवकर फिरतो, पण पाणीदार चिंबोऱ्यांचा पुरवठा बारमाही नसतो.

१७. शिनाणे आणि कालवं वाढवायला खाद्य लागत नाही म्हणे?

बरोबर, ती पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात. शिनाण्यांचं दोन-अडीच सेंटिमीटरचं बीज दोराच्या मीटरला एक ते दीड किलो, सुती जाळीच्या कापडात गुंडाळून बांबूच्या तराफ्याला टांगतात. काही दिवसांत कापड कुजून गळतं, तोवर शिनाणे स्वतःच्या धाग्यांनी दोराला घट्ट धरतात. नोव्हेंबर-डिसेंबरला टांगलं तर मेमध्ये काढणी. पाऊस पडून खाडीचं पाणी गोडं व्हायच्या आत माल बाहेर निघालाच पाहिजे.

खाद्य लागत नाही याचीच दुसरी बाजू अशी की पाण्यात जे आहे ते सगळं त्यांच्या पोटात जातं. शहराचं किंवा जेटीचं सांडपाणी येणारी खाडी टाळा, आणि विक्रीआधी माल २४ तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा. राज्याच्या वन विभागातल्या कांदळवन कक्षाच्या २०१७ पासूनच्या उपजीविका योजनेत खेकडा, कालवं, शिनाणे यांसाठी गटांना ९० टक्के आणि वैयक्तिक लाभार्थ्याला ७५ टक्के अर्थसाहाय्याची तरतूद आहे. चौकशी तिथून सुरू करा.

१८. अनुदान किती मिळतं?

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला मंजूर प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे. मंजुरीआधी खोदाई करू नका, आणि पैसे आधी तुमचे जातात, अनुदान मागून येतं हे धरूनच रोकड मोजा. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालनालाही मिळतं.

आमचं मत विचाराल तर, अनुदान वजा करूनही हिशोब जमत असेल तरच उतरा.

१९. गावतळं किंवा पाझर तलाव ठेक्याने घेता येईल का?

तलाव ज्याच्या मालकीचा, त्याच्याकडून: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा मत्स्यव्यवसाय विभाग. मोठ्या तलावांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाच्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आल्या आहेत, तिथे बाहेरच्याने बोली लावायच्या आधी संस्थेशी बोलावं. आणि करारात किमान किती पाणी राखलं जाईल ते लिहून घ्या, नाहीतर प्र. १ मधला प्रश्न इथेही आहेच, फक्त मोटर दुसऱ्याची.

२०. मत्स्यशेतीचं उत्पन्न करमुक्त असतं ना?

नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला तो वीज, कर्ज, सवलती यांसाठी. आयकराच्या हिशोबात हे शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. विक्रीची वही वेगळी ठेवा.

२१. मी पुण्यात नोकरीला, तळं गावी. गडी ठेवून जमेल?

खाद्य टाकणं गडी करतो. पहाटे चारला पाणी बघणं, महिन्याचं वजन, विक्रीच्या दिवशी काटा धरणं आणि चोरी अडवणं ही कामं घरच्या माणसाचीच. एका रात्रीत जाळं टाकून शंभर किलो माल नेता येतो. तळ्यात काटेरी फांद्या किंवा खुंट रोवले तर चोरट्याचं जाळं अडकतं, मात्र हे मातीच्याच तळ्यात, कागद असेल तर नाही. भाऊ किंवा वडील रोज तळ्यावर जाणारे असतील तर त्यांना नफ्यात ठरलेला वाटा द्या, पगार नको.

कागदाच्या तळ्याला कुंपण, चारही बाजूंनी काठापासून तळापर्यंत गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब हवीच. ओला कागद इतका निसरडा असतो की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. खाद्य टाकायला जाणाऱ्याने एकट्याने उतारावर पाय ठेवायचा नाही. हे साहित्य मासे सोडण्याच्या आधी लावा.